फक्त शेवट पाहिलेला माणूस

त्याला सगळे बॅटरी म्हणायचे. थिएटरातला डोअरकीपर तो, हातात कायम बॅटरी. माणसाला एक आणि वस्तूला एक अशी दोन नावं ठेवायचे कष्ट लोकांनी घेतलेच नाहीत. तिकिटं देणाऱ्याला ते खिडकी म्हणत, त्यामुळे बॅटरीनेही कधी मनाला लावून घेतलं नाही.

त्याची गंमत अशी, की उभं आयुष्य थिएटरात काढून त्याने एकही सिनेमा पाहिला नव्हता. शेवट मात्र झाडून सगळे पाहिले होते. कामच तसं होतं. शो सुरू झाला की हा दाराशी, उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्च्या दाखवत. मग दारावरच्या पडद्याबाहेर, पॅसेजमधल्या स्टुलावर. शेवट जवळ आला की वरून ऑपरेटर घंटी दाबायचा, आणि हा आत जाऊन बाहेर जायच्या दाराजवळ, कडीवर हात ठेवून उभा राहायचा. पडद्यावर अक्षरं आली रे आली की कडी काढायची. तेवढ्या वेळात जे दिसेल तो ह्याचा सिनेमा.

त्यामुळे ह्याचं जग जरा उलटंच होतं. व्हिलन गोळी लागून पडला की ह्याचा जीव कळवळायचा, कारण त्या बिचाऱ्याने आधी काय दिवे लावले होते ते ह्याला ठाऊकच नसायचं. कोणी स्टेशनवर रडत असेल तर हा समजायचा की चूक त्या रडणाऱ्याचीच असणार, नाहीतर इतक्या शेवटी कशाला रडेल? आणि एवढ्या भांडवलावर गडी मतं मात्र ठणकावून द्यायचा. शो सुटल्यावर पायऱ्यांवर लोक वाद घालत उभे राहिले की हा मध्येच तोंड घालायचा. शेवटाच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला कशातही पहिल्यांदा शेवटच कसा दिसतो?"

ती एका शिंप्याकडे काज-बटणाचं काम करायची. सकाळी दोघं मिळून चहा प्यायची, मग तो थिएटरवर जायचा तो शेवटचा शो आटोपूनच घरी यायचा, तेव्हा ती झोपलेली असायची. ती संध्याकाळी सहाच्या सुमाराला कामावरून घरी यायची. म्हणजे दोघांचा संसार सकाळच्या त्या चहाएवढा. बाकी दिवस ज्याचा त्याचा. ह्यात काही वावगं आहे असं बॅटरीला कधी वाटलं नाही. नोकरी म्हटलं की असं असायचंच.

तर झालं काय, एक जुना सिनेमा नवी प्रिंट काढून पुन्हा लागला. काळा-पांढरा, नावाजलेला. ह्यांचं लग्न झालं त्या वर्षी तो पहिल्यांदा आला होता, आणि मालकांनी दिलेल्या पासावर बॅटरीने नव्या बायकोला तो दाखवलाही होता. कसा वाटला, म्हणून विचारलं तर ती डोळे पुसत म्हणाली होती, "शेवट तर तुम्ही रोज बघताच." ह्याला वाटलं, बायको आपलं कौतुक करतेय.

आता त्या सिनेमाचा शेवट सांगायलाच हवा, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. एक माणूस अवेळी घरी येतो. दार नुसतं लोटलेलं असतं. आत कोणी नाही. बायको पलीकडच्या खोलीत, नळाचा आवाज येतोय. टेबलावर दोन कप. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, चहावर साय धरलेली. माणूस त्या भरल्या कपाकडे हात नेतो, आणि मध्येच थांबतो. हात मागे घेतो. मग पाऊल न वाजवता उलटा बाहेर येतो, दार अलगद ओढून घेतो, जिन्यावर उभा राहून मोठ्याने खाकरतो आणि दार वाजवतो. संपला सिनेमा.

लोक पायऱ्यांवर ह्यावर हमरीतुमरीवर यायचे. कोणी म्हणे तो भित्रा. कोणी म्हणे देवमाणूस, सगळं माफ केलं. तो आधी खाकरतो का, दार का वाजवतो, स्वतःच्याच घरात चोरासारखा का वागतो, ह्यावर तावातावाने बोलणं चालायचं. बॅटरी स्टुलावरून उठून निकाल द्यायचा.

"सरळ आहे. आत माणूस होता. ह्याची पावलं ऐकून तो चहा न पिताच पलीकडच्या खोलीत पळाला. आता ह्याला तमाशा नको. म्हणून बाहेर जाऊन खाकरतो. म्हणजे त्या हरामखोराला खिडकीतून पळायला वेळ मिळतो."

"मग तो बायकोला काही बोलत का नाही?" कोणीतरी विचारायचं.

"बोलणार काय कपाळ? दोन कप दिसल्यावर बोलायला उरतं काय?"

लोक माना डोलवायचे. इतक्या वेळा शेवट पाहिलेला माणूस म्हणतोय, म्हणजे असेलही.

दिवसातून तीन वेळा तेच दृश्य डोळ्यांखालून जायला लागलं, तसं बॅटरीच्या डोक्यात ते दोन कप घर करून बसले. आणि एका सकाळी, आपल्याच घरात, चहाची वाट बघत बसला असताना त्याची नजर मोरीवरच्या हुकांवर गेली. तिथे निळ्या काठाचे दोन कप टांगलेले असायचे. पहिल्या हुकावर तिचा, दुसऱ्यावर ह्याचा, काठाला टवका उडालेला. आज टवक्याचा कप पहिल्या हुकावर होता.

आता हा घरी चहा प्यायचा फक्त सकाळी. प्यालेला कप ती तेव्हाच धुऊन जागच्या जागी टांगायची. मग मधल्या वेळात हा कप हुकावरून उतरला कधी, आणि उतरवला कोणासाठी?

"काल कोणी आलं होतं का?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"कोण येणार?" बायको म्हणाली, आणि बशीत चहा सांडला तो पुसायला लागली.

त्या सांडलेल्या चहाने बॅटरीचा दिवस नासला.

दुसऱ्या दिवशी त्याने शक्कल लढवली. निघताना आपला कप हुकावर असा टांगला की कपाचा कान भिंतीकडे. बायको नेहमी कान खोलीकडे करून टांगायची. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर कान खोलीकडे. पुन्हा भिंतीकडे केला. पुन्हा फिरला. रोज. एक दिवस खाडा नाही. म्हणजे येणारा रोज येतो, आणि हक्काने माझ्याच कपातून पितो. बॅटरीच्या पायाखालची जमीन सरकली. ह्या वयात असलं काही ऐकावं लागेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अजून कोणी ऐकवलं काहीच नव्हतं, पण त्याच्या कानात आळीभर कुजबुज सुरू झाली होती.

मग माणसं तपासायला घेतली. शिंपी? तो सत्तरीचा, जिना चढताना दर पायरीला देव आठवणारा. बायकोचा मावसभाऊ? तो दुसऱ्या गावी. उरला समोरच्या दारातला घड्याळजी. विधुर. सडाफटिंग. घरीच घड्याळं दुरुस्त करत बसायचा, म्हणजे दिवसभर समोर हजर. शिवाय हल्ली तो बॅटरीला बघून जरा जास्तच हसून नमस्कार करायचा. पूर्वीही करायचा, पण पूर्वी बॅटरीने त्या हसण्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

घरातलं चांगलं चालणारं गजराचं घड्याळ घेऊन बॅटरी त्याच्याकडे गेला. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं.

"ह्याला काय झालंय?"

"संध्याकाळी मागे पडतं. सहाच्या सुमाराला." बॅटरी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, पण एका डोळ्यावर भिंग असल्यामुळे नीट जमलं नाही. "तुम्ही सहाला कुठे असता?"

"मी? इथेच. जाणार कुठे?" घड्याळजी हसला. "माझ्याकडे सहा वाजायला पंधरा मिनिटं लागतात, प्रत्येक घड्याळ आपापल्या सोयीने वाजतं. तुम्हाला त्रास होत नाही ना आवाजाचा? तुम्ही नसता म्हणा. पण वहिनींना?"

"का? त्या काही म्हणाल्या?"

"छे. त्यांचंच बोलणं ऐकू येतं इकडे. छान हसतात वहिनी. बरं वाटतं ऐकून. तुमच्याकडे पाहुणे असतात का संध्याकाळी?"

बॅटरीने घड्याळ त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा त्याने खूप ऐकल्या होत्या, पण इतका निर्ढावलेला चोर पहिल्यांदाच बघत होता. आणि ती हसते? आपल्यासमोर शेवटची कधी हसली होती, हे त्याला आठवेना. सकाळी ती डबा भरायची, तो दाढी करायचा, साबण संपला, वायर तुटली, एवढंच बोलणं व्हायचं. आणि संध्याकाळी बाई हसतात.

त्याने ठरवलं. एकदा डोळ्यांनी बघायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. एक तर ह्या घरात ती राहील, नाहीतर मी. तिची बॅग माळ्यावरून काढून धूळ झटकून ठेवण्यापर्यंत त्याची मजल गेली. बायकोने विचारलं, "कुठे जायचंय?" तर म्हणाला, "बघू."

सहाचा शो सुरू झाला, उशिराची गर्दी बसली. त्याने बॅटरी खिडकीच्या हातात दिली.

"जरा घरी जाऊन येतो. घंटी व्हायच्या आत येईन."

"वहिनींना बरं नाही का?" खिडकीने विचारलं.

"ते बघायलाच चाललोय."

घर काही लांब नव्हतं. बेकरीवरून वळायचं, छापखान्याची भिंत संपली की दुसरा जिना. तो चवड्यांवर चढला. घड्याळजीचं दार बंद. स्वतःचं दार नुसतं लोटलेलं. म्हणजे कडी लावायचीही लाज उरली नाही. त्याने दाराला कान लावला.

"…मग शिंपीदादा म्हणतात, एवढा कोट शिवला आणि गिऱ्हाइकाचं पोट मापाच्या पुढे निघून गेलं," बायकोचा आवाज. आणि हसू. हसू खरंच छान होतं, घड्याळजी खोटं बोलला नव्हता. "घ्या ना, गार होतोय. तुमचं आपलं नेहमीचंच." कप बशीवर टेकल्याचा आवाज. "माझी बोटं बघा, सुई किती टोचलीय आज. तुम्हाला काय त्याचं."

समोरचा माणूस चकार शब्द बोलत नव्हता. मुरलेला असणार, आवाज बाहेर जाऊ देत नव्हता.

दार ढकलायला त्याने हात उचलला. पण ढकलवेना. ढकललं की आत जे असेल ते दिसणार, आणि एकदा दिसलं की ते न दिसल्यासारखं करता येणार नाही. बॅटरीला रडू आलं, खरं सांगायचं तर. तो तसाच जिना उतरला आणि थिएटरवर परत आला. त्या सिनेमातला माणूस निदान खाकरला तरी होता. ह्याच्या घशातून तेवढाही आवाज निघाला नाही.

पुढचा दिवस कसा गेला ते त्याचं त्याला ठाऊक. संध्याकाळच्या शोला एक बाई आल्या. शाळेत शिकवायच्या, ह्या सिनेमाला त्यांची ही तिसरी की चौथी खेप. आत जाता जाता थांबल्या.

"एक सांगू का, राग मानू नका. सुरुवातीला, नावांच्या पाट्या पडायच्या आधी एक प्रसंग आहे. बरोबर तेव्हाच तुमची बॅटरी डोळ्यांवर येते, आणि उशिरा आलेले लोक उठ-बस करतात. आज थोडा वेळ कोणाला आत सोडू नका ना. सगळं तिथेच आहे हो. तो प्रसंग ज्यांचा हुकतो, तेच बाहेर येऊन वाट्टेल ते बोलतात."

वाट्टेल ते बोलणाऱ्यांत आपण पहिले, हे बॅटरीच्या लक्षात आलं नाही. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या माणसावर ही पाळी आली कशी, आधी त्याने काय केलं होतं, हे बघावं असं त्याला वाटलं. आपल्यालाही पुढे काय करायचं ते कळेल. त्याने दार लावून घेतलं, उशिराच्या मंडळींसमोर खिडकीला उभं केलं, बॅटरी विझवली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सिनेमाची सुरुवात बघायला उभा राहिला.

पडद्यावर स्वयंपाकघर. बाई चहा गाळते. दोन कप. एक स्वतःपुढे, एक टेबलाच्या पलीकडे. ती बोलायला लागते, दिवसभरात काय झालं, बाजारात काय झालं. मध्येच हसते. समोर कोण आहे ते दिसत नाही. मग ती खिडकी उघडायला उठते, उजेड आत येतो, आणि क्षणभर टेबलापलीकडची खुर्ची दिसते. रिकामी. पाठीवर पुरुषाचा कामावर घालायचा जुना कोट अडकवलेला. बाई परत येऊन बसते, त्या कोटाकडे बघत म्हणते, "घ्या ना, गार होतोय." आणि पाट्या सुरू होतात.

बॅटरी जागच्या जागी थिजला. वाक्य तेच होतं, शब्दाला शब्द. लग्नाच्या वर्षी पासावर येऊन ती हे घेऊन गेली होती, आणि तेव्हाही, आताही हा स्वतः रोज त्या दृश्यावर बॅटरी मारत होता.

तो धावत सुटला. खिडकी मागून हाका मारत होता, पण थांबतो कोण. बेकरी, छापखाना, जिना. आनंदाने त्याला दम पुरेना. कोणी नव्हतं. कोणी म्हणजे कोणीच नव्हतं, मीच होतो. दार लोटलेलं होतं ते त्याने धाडकन उघडलं.

बायको टेबलाशी बसली होती, सुईने टोचलेलं बोट पुढे धरून, वाक्याच्या मध्यात. ती जी दचकली, तिचं वाक्य तिथेच तुटलं.

"अहो, तुम्ही? बरं नाही का?"

"बरं आहे."

"थिएटर बंद पडलं?"

"नाही गं." तो तिच्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसला. समोर टवक्याचा कप, काठोकाठ भरलेला. त्याने तो एका दमात पिऊन टाकला. "हं. बोल."

"गार झाला होता तो. दुसरा करते."

"राहू दे. तू बोल. काय सांगत होतीस?"

"कुठे काय." तिने पदर सारखा केला. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"बोल की. काल तर किती छान बोलत होतीस. मी ऐकलं, दाराबाहेर उभा राहून."

हे बोलला आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"दाराबाहेर?" ती म्हणाली. "आत का नाही आलात?"

त्याची नजर आपोआप समोरच्या घड्याळजीच्या दाराकडे गेली. तिने ती नजर पाहिली. मग कोपऱ्यात काढून ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. मग हुकांकडे. बाई काज करणारी, बारीक नजरेची. तिला सगळं एकाला एक जोडायला वेळ लागला नाही.

"म्हणजे कप रोज तुम्ही फिरवून ठेवत होतात," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय."

"अगं, माझं डोकंच…"

"इतकी वर्षं मी तुमच्याशी बोलत होते. आणि तुम्ही दाराला कान लावून बघत होतात, कोणाशी बोलते."

तिने आवाज चढवला नाही. दोन्ही कप उचलले, धुतले, टांगले. मग जाऊन ब्लाउजचा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि सुईत दोरा ओवायला लागली. तो समोर बसून राहिला. खुर्ची रिकामी असताना तिला जे बोलता यायचं, ते आता तो बसल्यावर येईना. बोलायला सांगूनही येईना. बाहेर घड्याळजीकडे घड्याळं एकेक करून वाजली. शेवटी तीच म्हणाली, "शो सुटायची वेळ होईल. दारं कोण उघडणार?"

तो परत गेला. घंटी होऊन गेली होती. अंधारात चाचपडत तो आपल्या जागी पोचला, कडीवर हात ठेवला. पडद्यावर माणूस नुकताच घरात शिरत होता. दोन कप. भरलेल्या कपाकडे त्याचा हात गेला. आणि मागे आला.

बॅटरीने हे किती वेळा पाहिलं होतं. आज पहिल्यांदा त्याला तो माणूस दिसला. त्याला खुर्चीत बसायचं होतं. तो चहा प्यायचा होता. ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की आजवर दिसलं कसं नाही याचं नवल. पण तो बसला नाही. बसला असता तर तिला कळलं असतं की त्याने पाहिलं, आणि मग ती पुन्हा त्या खुर्चीशी बोलली नसती. म्हणून तो उलट्या पावली बाहेर आला, दार ओढून घेतलं, आणि तिला कप उचलायला वेळ मिळावा म्हणून खाकरला. मग दार वाजवलं.

अक्षरं आली. दिवे लागले. लोक दाराशी येऊन थांबले.

"अहो बॅटरी, कडी काढा की."

"झोपला का काय हा?"

त्याला कडी सापडेना. डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं. शेवटी मागून त्या शाळेतल्या बाई पुढे आल्या आणि त्यांनीच कडी काढली. बाहेर पायऱ्यांवर रोजचा वाद सुरू झाला. कोणीतरी हाक मारली, "काय बॅटरी, तुमचं काय मत? आत होता ना कोणी?"

"मला नका विचारू," बॅटरी म्हणाला. "मी सुरुवात आजच पाहिली."

सिनेमा पुढच्या आठवड्यात उतरला. बॅग माळ्यावर परत गेली, तीही तिनेच ठेवली. घरात भांडण नाही की अबोला नाही. सकाळी चहा होतो, साबण संपतो, ती डबा भरते. घड्याळजीला बॅटरी स्वतःहून नमस्कार करतो आणि मान खाली घालून जिना उतरतो. हल्ली कधी संध्याकाळी मध्येच घरी आला, तर तो जिन्यावर आधी खाकरतो आणि किल्ली खिशात असूनही दार वाजवतो. आतून ती म्हणते, "उघडंच आहे."

सकाळी निघताना तो आपला कप हुकावर टांगतो, कान भिंतीकडे करून. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या, तोंड धुवायच्याही आधी, चोरून तिकडे बघतो. पूर्वी कान फिरलेला दिसला की ह्याचा दिवस नासायचा. आता एकदा तरी तो फिरलेला दिसावा म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो. कान भिंतीकडेच असतो. अजून तरी कोणी आलेलं नाही.